ॲलन ट्यूरिंग : यंत्राची सीमा ओळखणारा गणितज्ञ

बंगळूर शहराच्या पूर्वेला मारतहळ्ळी नावाचे उपनगर आहे. जुना विमानतळ रस्ता आणि शहराभोवतीचा वळणरस्ता येथे एकमेकांना भेटतात. एके काळचे हे खेडे आज संगणक-व्यवसायाच्या गजबजलेल्या पट्ट्यात मोडते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तरुण-तरुणी, त्यांत महाराष्ट्रातीलही अनेक, येथे संगणकासाठी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहिण्याचे काम करतात. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एका अडचणीला तोंड द्यावे लागते. संगणकाला काम सोपवलेले असते, वेळ जात राहतो, पण उत्तर येत नाही. मोबाइल ‘हँग’ झाला असे लोक म्हणतात, त्यातलाच हा एक प्रकार. अशा वेळी मनात प्रश्न उभा राहतो : काम मोठे असल्यामुळे वेळ लागतो आहे, की आज्ञावली एखाद्या चक्रात सापडली असून ती कधीच थांबणार नाही?

हे आधीच सांगणारी एखादी हमखास रीत असती, तर किती श्रम वाचले असते! परंतु सर्व आज्ञावलींना लागू पडेल अशी रीत असूच शकत नाही. या निष्कर्षाचा पाया १९३६ साली घातला गेला. आज ज्याला संगणक म्हणतात ते यंत्र त्या वेळी अस्तित्वातही नव्हते. हा पाया घालणारा गणितज्ञ केवळ तेवीस वर्षांचा होता. त्याचे नाव ॲलन ट्यूरिंग.

घराणे आणि बालपण

ट्यूरिंग कुटुंबाचा भारताशी निकटचा संबंध होता. ॲलन यांचे वडील ज्युलिअस ट्यूरिंग हे त्या काळच्या मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. एथेल यांचे वडील एडवर्ड स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते आणि तुंगभद्रा नदीवरील रेल्वेपुलाच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. ॲलन यांचे थोरले बंधू जॉन १९०८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मले. ॲलन यांचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला.

वडिलांची नोकरी भारतात असल्याने दोन्ही मुलांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवण्यात आले. आईवडील अधूनमधून येत आणि पुन्हा बोटीने भारतात परतत. मायेच्या माणसांपासून दूर वाढलेला हा मुलगा एकलकोंडा, विसराळू आणि विलक्षण जिज्ञासू होता. १९२६ साली त्याला शेरबोर्न येथील निवासी शाळेत घालण्यात आले. नेमक्या त्याच वेळी देशभर संप होऊन रेल्वेगाड्या बंद पडल्या. बंदरावर उतरलेला हा तेरा वर्षांचा मुलगा एकट्याने सायकलवर निघाला, वाटेत एक रात्र मुक्काम करून सुमारे ९५ किलोमीटरचे अंतर त्याने पार केले आणि तो शाळेत हजर झाला.

शाळेत ग्रीक व लॅटिन भाषांना मान होता; गणिताचे वेड असलेल्या ॲलनचे तिथे फारसे कौतुक झाले नाही. त्याचे अक्षर वाईट, वह्या अव्यवस्थित. अशा काळात ख्रिस्तोफर मॉरकॉम हा एक वर्ष पुढे असलेला विद्यार्थी त्याचा जिवलग मित्र झाला. दोघे मिळून तारे पाहत आणि गणिते सोडवत. १३ फेब्रुवारी १९३० रोजी क्षयरोगाने ख्रिस्तोफरचा मृत्यू झाला. हा आघात ॲलनच्या मनावर कायमचा कोरला गेला. मित्राच्या हातून जे घडायचे राहिले, ते आपण पूर्ण करावे, या जाणिवेने तो अभ्यासाकडे वळला. मन आणि शरीर यांचे नाते काय, विचार करणे म्हणजे नेमके काय, हे प्रश्नही याच काळात त्याच्या मनात रुजले.

एक यंत्र आणि त्याची नक्कल करणारे दुसरे यंत्र

१९३१ साली ट्यूरिंग केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात दाखल झाले आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेथेच फेलो म्हणून निवडले गेले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्यांना जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी उभा केलेला एक प्रश्न समजला. गणितातील कोणतेही विधान दिले असता, ते मूळ नियमांवरून सिद्ध होते की नाही, हे ठरावीक पायऱ्यांनी सांगणारी एखादी रीत आहे काय, असा तो प्रश्न होता.

ट्यूरिंग यांनी आधी ‘रीत’ या शब्दाचाच अर्थ निश्चित करायचे ठरवले. त्या काळी आकडेमोड करणाऱ्या कारकुनालाच इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणत. असा माणूस कागदावरच्या चौकटीत एक चिन्ह पाहतो, ठरलेल्या नियमानुसार ते बदलतो किंवा तसेच ठेवतो आणि शेजारच्या चौकटीकडे वळतो. एवढ्याच क्रिया करणारे एक काल्पनिक यंत्र ट्यूरिंग यांनी मांडले : चौकटी पाडलेली एक न संपणारी लांब पट्टी, तिच्यावरची एका वेळी एक चौकट पाहणारे शीर्ष आणि नियमांची एक मर्यादित यादी. ठरावीक पायऱ्यांनी जे काही काढता येते, ते सर्व अशा यंत्राला काढता येते, असे त्यांनी युक्तिवादाने दाखवले. हेच ते ‘ट्यूरिंग यंत्र’.

यानंतरचे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. कोणत्याही यंत्राची नियमावली चिन्हांनी लिहून काढता येते. मग ती नियमावली दुसऱ्याच एका यंत्राच्या पट्टीवर लिहून दिली तर? ट्यूरिंग यांनी असे एक ‘सार्वत्रिक यंत्र’ रचले, की जे कोणत्याही यंत्राचे वर्णन वाचून त्याचे हुबेहूब अनुकरण करू शकते. आज एकच संगणक कधी पत्र लिहितो, कधी हिशेब करतो, कधी चित्र दाखवतो, तो याच कल्पनेच्या बळावर.

नक्कल करून उत्तर मिळेल काय?

येथे एक विचार सहज सुचतो. कोणत्याही यंत्राचे अनुकरण करता येत असेल, तर एखादी आज्ञावली थांबेल की नाही हे पाहण्यासाठी तिचे अनुकरण करावे आणि काय होते ते पाहावे, म्हणजे झाले! हा उपाय अर्धाच उपयोगी आहे. आज्ञावली थांबणारी असेल, तर तिचे अनुकरणही केव्हा तरी थांबेल आणि उत्तर मिळेल. पण ती न थांबणारी असेल, तर अनुकरणही चालतच राहील. आडगावच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारखी ही स्थिती आहे. गाडी आली, की ती येणार होती हे निश्चित कळते. परंतु गाडी आली नाही, एवढ्यावरून ती उशिरा येणार आहे की मुळीच येणार नाही, हे नुसते वाट पाहून कधीच कळत नाही.

मग अनुकरण करता करता मध्येच थांबून, आतापर्यंतच्या खुणांवरून निर्णय देणारी एखादी हुशार आज्ञावली लिहिली तर? समजा, तिचे नाव ‘निर्णायक’. कोणत्याही आज्ञावलीबद्दल ती ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ असे अचूक उत्तर मर्यादित वेळात देते, असे तूर्त गृहीत धरू. आता ‘विरुद्ध’ नावाची आणखी एक आज्ञावली तयार करता येईल. ती निर्णायकाला आपल्या पोटात घेते आणि स्वतःबद्दलच प्रश्न विचारते : मी थांबेन काय? उत्तर ‘थांबेल’ असे आले, तर विरुद्ध मुद्दाम न संपणाऱ्या चक्रात शिरते. उत्तर ‘थांबणार नाही’ असे आले, तर ती तत्काळ थांबते. निर्णायकाने कोणतेही उत्तर दिले तरी ते खोटेच ठरते.

अनुकरणाची हुशारीही येथे कामी येत नाही. निर्णायक विरुद्धचे अनुकरण करू लागला, की विरुद्धच्या पोटातील निर्णायकाचेही अनुकरण त्याला करावे लागते, आणि त्या निर्णायकाला पुन्हा विरुद्धचे. आरशासमोर आरसा धरावा तशी ही परंपरा संपत नाही. ती तोडून निर्णायकाने ‘थांबणार नाही’ असा कौल दिला, तर तोच कौल ऐकून विरुद्ध थांबते. म्हणजे एक तर उत्तर मिळत नाही, किंवा मिळालेले उत्तर चुकते. याचा अर्थ, असा निर्णायक असूच शकत नाही.

ट्यूरिंग यांच्या मूळ निबंधात प्रश्नाचे रूप थोडे निराळे होते. एखादे यंत्र अंक लिहीत राहील, की कुठे तरी अडून बसेल, हे त्यांना ठरवायचे होते. तेथे त्यांनी एक असे यंत्र कल्पिले, की जे सर्व यंत्रे क्रमाने तपासते आणि न अडणाऱ्या यंत्रांचे अनुकरण करते. तपासता तपासता हे यंत्र स्वतःच्याच क्रमांकापाशी येते, स्वतःचेच अनुकरण करण्याची वेळ त्याच्यावर येते आणि तेथे ते कायमचे अडकते. याच विसंगतीवरून पुढे त्यांनी हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्याचे सिद्ध केले. ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’, म्हणजे थांबण्याचा प्रश्न, हे नाव त्यांनी दिलेले नाही. मार्टिन डेव्हिस या अमेरिकी गणितज्ञाने ते १९५० च्या दशकात रूढ केले. अमेरिकेतील अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या वाटेने हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे तेच उत्तर काही महिने आधी काढले होते. ट्यूरिंग त्यांच्याकडेच प्रिन्स्टन येथे गेले आणि १९३८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

सीमेचा खरा अर्थ

या सिद्धांताचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. कोणत्याही आज्ञावलीबद्दल कधीच काही सांगता येत नाही, असे तो म्हणत नाही. सर्वांना पुरून उरेल अशी एकच रीत नाही, एवढेच तो सांगतो.

खऱ्या संगणकाची स्मृती मर्यादित असते, हेही खरे. तेव्हा बाहेरून नवी माहिती न घेता चाललेले यंत्र पूर्वीच्याच अवस्थेत पुन्हा आले, तर ते चक्रात सापडले असे खात्रीने म्हणता येते. परंतु केवळ एका किलोबाइट स्मृतीच्या शक्य अवस्था मोजल्या, तर त्यांची संख्या २,४६७ अंकी भरते. इतक्या अवस्था तपासून पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही.

साध्या दिसणाऱ्या आज्ञावलीही किती फसव्या असतात, याचे उदाहरण घेऊ. कोणतीही एक पूर्ण धनसंख्या घ्यावी. ती सम असल्यास निम्मी करावी, विषम असल्यास तिप्पट करून एक मिळवावा, आणि एक ही संख्या येताच थांबावे. सहापासून आरंभ केल्यास आठ पायऱ्यांत एक येतो. सत्तावीसपासून आरंभ केल्यास मात्र संख्या ९,२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनंतर एकावर उतरते. प्रत्येक संख्येच्या बाबतीत ही क्रिया थांबते काय, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. असंख्य उदाहरणे चालवून पाहिली, तरी ‘प्रत्येक’ या शब्दाला उत्तर मिळत नाही.

याउलट एक यशाची गोष्टही आहे. दोन चिन्हे आणि पाच अवस्था असलेल्या छोट्या ट्यूरिंग यंत्रांपैकी, कोऱ्या पट्टीवर सुरू होऊन अखेर थांबणारे यंत्र जास्तीत जास्त ४,७१,७६,८७० पायऱ्या चालते, हे २०२४ साली सिद्ध झाले. एवढ्या पायऱ्या चालवून पाहणे संगणकाला सोपे होते. कठीण होते ते उरलेली यंत्रे कधीच थांबणार नाहीत हे दाखवणे. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांना निरनिराळ्या युक्ती योजाव्या लागल्या.

युद्धकाळ

दुसरे महायुद्ध सुरू होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्याचे संदेश ‘एनिग्मा’ या यंत्राने सांकेतिक केले जात. पोलंडच्या गणितज्ञांनी या संकेताचा भेद आधीच केला होता आणि आपले ज्ञान त्यांनी ब्रिटनच्या हवाली केले होते. जर्मनांनी नंतर केलेल्या बदलांवर मात करण्यासाठी ट्यूरिंग यांनी एका नव्या विद्युत-यांत्रिक यंत्राची रचना केली; गॉर्डन वेल्चमन यांनी तीत मोलाची सुधारणा केली. एनिग्माच्या तीन चक्रांच्या १७,५७६ शक्य स्थिती हे यंत्र एकामागून एक तपासत असे. विसंगती आढळली, की ती स्थिती बाद होई. विसंगती न आढळल्यास यंत्र थांबे आणि माणसे पुढची तपासणी करत. येथे शोधाला सीमा होती, म्हणून तो संपणार हे निश्चित होते. नौदलाच्या संदेशांचा भेद करण्यात ट्यूरिंग यांचा मोठा वाटा होता आणि त्यामुळे अटलांटिक महासागरातील असंख्य जहाजे वाचली. हे कार्य दीर्घकाळ गुप्त राहिले. १९७० च्या दशकात ते जगापुढे आले, तेव्हा ट्यूरिंग हयात नव्हते.

थांबण्याची सिद्धता

युद्धानंतर ट्यूरिंग यांनी लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत संगणकाचा तपशीलवार आराखडा तयार केला. याच काळात ते लांब पल्ल्याचे धावपटू म्हणूनही नावाजले. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले.

जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील एका परिषदेत त्यांनी एक छोटा निबंध वाचला. आज्ञावली बरोबर आहे हे कसे तपासावे, हा त्याचा विषय होता. ती थांबते हे दाखवण्यासाठी त्यांनी एक सोपी वाट सुचवली : प्रत्येक टप्प्याला घटत जाणारी एखादी राशी शोधावी. घटणारी पूर्ण धनसंख्या अनंत काळ घटत राहू शकत नाही, म्हणून आज्ञावली थांबलीच पाहिजे. जिन्याची एकेक पायरी खाली उतरणारा माणूस केव्हा तरी जमिनीवर पोहोचतोच, तसेच हे आहे. सर्वांसाठी एक रीत नाही, असा ज्यांच्या सिद्धांताचा निष्कर्ष होता, त्यांनीच हाती असलेल्या एका आज्ञावलीसाठी खात्री कशी मिळवावी, हेही दाखवले.

या वाटेचे महत्त्व आज मारतहळ्ळीच्या परिसरातही पटते. तेथून जवळच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ आहे. पुढे ‘तेजस’ हे नाव मिळालेल्या भारतीय लढाऊ विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी तेथूनच पहिले उड्डाण केले. अशा विमानाचे नियंत्रण संगणकाच्या साहाय्याने होते. वैमानिकाने दांडा हलवल्यावर हिशेब ठरलेल्या क्षणात पूर्ण झालाच पाहिजे. तेथे वाट पाहण्यास सवड नसते. म्हणून अशा कामांत पुनःपुन्हा होणाऱ्या क्रियेला सर्वसाधारणपणे आधीच मर्यादा घालून ठेवतात. इतरत्र, ठरावीक वेळात उत्तर न आल्यास काम तोडणारे घड्याळही बसवतात. मात्र ते घड्याळ ‘हे कधीच थांबणार नाही’ असे सांगत नाही. ‘आता वाट पाहणे पुरे’ असे सांगते. पहिले ज्ञान आहे, दुसरा माणसाने घेतलेला निर्णय आहे.

अखेरचे दिवस

१९५० साली ट्यूरिंग यांनी यंत्र विचार करू शकेल काय, या प्रश्नावर प्रसिद्ध निबंध लिहिला. १९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. परंतु पुढच्याच वर्षी त्यांच्या आयुष्यावर मोठे संकट कोसळले. घरी झालेल्या चोरीची तक्रार देण्यास ते पोलिसांकडे गेले असता त्यांचे एका पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याने हा गुन्हा होता. तुरुंगवास टाळायचा तर संप्रेरकांचे औषधोपचार घ्यावे लागतील, अशी अट घालण्यात आली. ट्यूरिंग यांनी उपचार पत्करले. देशाच्या गुप्त कामातील त्यांचा प्रवेशही बंद झाला. ज्याने देश वाचवण्यास हातभार लावला, त्यालाच देशाने अपराधी ठरवले.

तरीही त्यांचे काम थांबले नाही. १९५४ च्या आरंभी त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. सुटणारी आणि न सुटणारी कोडी यांतील भेद त्यांनी त्यात सरकत्या चौकोनांच्या खेळण्यासारखी उदाहरणे देऊन उलगडून सांगितला. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या अखेरच्या लेखनात त्याची गणना होते. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत ही आत्महत्या ठरवण्यात आली. काही अभ्यासकांनी मात्र अपघाताची शक्यता वर्तवली आहे.

इंग्लंडमधील तो कायदा १९६७ साली शिथिल झाला. भारतीय दंडसंहितेत इंग्रजी अमदानीत आलेल्या कलम ३७७ चा अशाच स्वरूपाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवला. ट्यूरिंग यांच्यावरील अन्यायाबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर क्षमा मागितली, २०१३ मध्ये राणीने त्यांना मरणोत्तर माफी दिली आणि २०२१ पासून पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कारही १९६६ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो.

ट्यूरिंग यांनी जगाला सर्व कामे करू शकणाऱ्या यंत्राची कल्पना दिली आणि त्याच निबंधात त्या यंत्राची सीमाही आखून दिली. काय करता येत नाही हे निश्चितपणे जाणणे, हेही ज्ञानच आहे. ते ज्ञान माणसाला हताश करत नाही. नुसती वाट पाहण्याऐवजी समोरच्या प्रश्नाकडे नीट पाहून स्वतः विचार करायला लावते.